दिवा आपला, वात कोणाच्या हाती?

समईची वात पुढे सारावी की मागे ओढावी, हे आजवर घरातल्या माणसांनीच ठरविले. कंदिलाची काच काजळू लागली की चावी फिरवून ज्योत लहान करावी, एवढे ज्ञान पोरासोरांनाही असे. त्यासाठी समई घडविणाऱ्या कासाराची किंवा कंदील विकणाऱ्या दुकानदाराची परवानगी काढावी लागते, असे कोणी म्हटले असते, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. परंतु आजच्या संगणकयुगात नेमकी हीच गोष्ट आपल्या घरांतून घडू लागली आहे, आणि तिचे आपणांस नवल वाटेनासे झाले आहे.

पुष्कळशा लॅपटॉपच्या कळफलकाखाली एक लहानसा दिवा असतो. अंधारात कळांवरील अक्षरे उजळावीत, हा त्याचा हेतू. परीक्षेच्या दिवसांत एकाच खोलीत धाकटे भावंड निजलेले असताना अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला तो उपयोगी पडतो. पण तोच दिवा झगझगीत असला, तर स्वतःच्या डोळ्यांना आणि शेजारच्याच्या झोपेला उपद्रव होतो. तेव्हा तो मंद करता आला पाहिजे, ही मागणी काही चैनीची नव्हे. असे असूनही कित्येक कळफलकांच्या बाबतीत कारखानदाराने दिलेली खास आज्ञावली संगणकात बसविल्यावाचून हा प्रकाश मनासारखा कमी-अधिक होत नाही. ती आज्ञावली कधी खाते उघडावयास सांगते, कधी इंटरनेटची जोडणी मागते, आणि काम असो वा नसो, संगणकाची स्मृती अडवून बसते. वात सारण्यासाठी घरात पाहुणा ठेवावा, आणि त्याने ओटी-माजघर व्यापून टाकावे, तशातलाच हा प्रकार!

हे काम खरोखरच इतके अवघड आहे काय? कळांखाली बसविलेले बारीक एलईडी दिवे आणि त्यांचा उजेड सर्वत्र पसरविणारा एक पातळ पारदर्शक पत्रा, एवढीच सामान्यतः या प्रकाशाची सामग्री असते. प्रकाश मंद करण्याची नेहमीची युक्तीही मोठी मौजेची आहे. दिवा एका सेकंदात शेकडो वेळा पेटविला आणि विझविला जातो. पेटलेला काळ अधिक ठेवला की उजेड प्रखर भासतो. विझलेला काळ वाढविला की तो सौम्य होतो. आपल्या डोळ्यांना ही उघडझाप जाणवत नाही. हे सारे करणारा छोटा नियंत्रक यंत्राच्या आतच बसलेला असतो. त्याला बाहेरून कळावयास हवा तो केवळ एक आकडा: उजेड किती हवा? तेव्हा सारा वाद तो आकडा सांगण्याचा अधिकार कोणाचा, एवढ्यापुरताच उरतो.

ज्यांनी हा अधिकार वापरणाऱ्याच्या हाती ठेवला, त्यांची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा रचून जगासाठी खुला केला. ज्या लॅपटॉपचा दिवा या प्रणालीला ओळखता येतो, तेथे तो एखाद्या साध्या फायलीसारखा समोर ठेवलेला असतो. एका फायलीत सध्याचा उजेड आकड्याने लिहिलेला, दुसरीत त्याची कमाल मर्यादा. पुष्कळ थिंकपॅडमध्ये ही मर्यादा २ असते, आसुसच्या अनेक लॅपटॉपमध्ये ३, तर इंटेल जातीच्या मॅकबुकमध्ये २५५. पहिल्या फायलीत शून्य लिहिले की दिवा मालवतो. मधला आकडा लिहिला की मध्यम तेवतो. लिहिण्यास व्यवस्थापकाचा अधिकार लागतो खरा. पण तो व्यवस्थापक त्या यंत्राचा मालकच असतो, परगावचा कारखानदार नव्हे. शिवाय हे आकडे हातांनी लिहावयाचे नसतील, तर 'ब्राइटनेस-सीटीएल'सारखी चिमुकली आज्ञावली तेच काम एका ओळीत करते.

त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे कळफलकावरचीच एखादी कळ. पुष्कळ थिंकपॅडवर 'एफएन' आणि लांब पट्टी, म्हणजे स्पेस, या कळा एकत्र दाबल्या की उजेडाची पायरी बदलते. कोणतीही प्रणाली असली तरी हा हुकूम बहुधा मानला जातो. विंडोज ११ मध्येही २०२३ सालापासून 'डायनॅमिक लायटिंग' नावाची सोय आली असून, जी उपकरणे ठरलेली खुली भाषा बोलतात, त्यांचे दिवे प्रणालीच्या स्वतःच्या मांडणीतूनच कमी-जास्त करता येतात. आणि जेथे कारखानदाराने काहीच खुले ठेवले नाही, तेथे स्वयंसेवक पुढे आले. मूळ आज्ञावली उपकरणाला कोणते संकेत पाठविते, याचे चिकाटीने निरीक्षण करून त्यांनी 'ओपन-आरजीबी' आणि 'ओपन-रेझर' यांसारख्या खुल्या आज्ञावल्या रचल्या व त्या कोणालाही विनामूल्य दिल्या.

हा झगडा आजचा नव्हे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले. कागद अडकला की सर्वांना सूचना जावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यांना मिळाली नाही. मागितली, तेव्हा गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखविण्यात आले. अडकलेल्या कागदासारख्या किरकोळ अडचणीतून एक मोठा विचार जन्मास आला, आणि १९८३ साली स्टॉलमन यांनी खुल्या व स्वतंत्र आज्ञावल्यांची चळवळ जाहीर केली. क्षुल्लक गोष्टींत स्वातंत्र्य सोडण्याची सवय लागली की महत्त्वाच्या गोष्टींतही ते सुटत जाते, हाच तिचा बोध.

यावर कारखानदारांचा पक्षही ऐकला पाहिजे. चुकीचा संकेत गेला तर यंत्र बिघडेल, असे ते म्हणतात. आणि हे भय सर्वस्वी खोटे नाही. 'ओपन-आरजीबी'च्या विकासकाळात काही उपकरणांना इजा झाल्याची व पुढे ते दोष दूर केल्याची कबुली त्या प्रकल्पाने स्वतःच दिलेली आहे. पण या धोक्याचे मूळ कशात आहे? संकेतांची भाषा लपविल्यामुळे लोकांना अंधारात चाचपडावे लागते, यातच ना? वाटेवर दिवा लावावयाचा नाही, आणि वाटसरू ठेचकाळला की त्यालाच दोष द्यावयाचा, हा न्याय नव्हे. शिवाय कारखानदाराने एखाद्या जुन्या उपकरणाची आज्ञावली पुढे चालविण्याचे थांबविले, तर धडधाकट कळफलकही निम्मा निकामी ठरतो. ज्या घरात एक संगणक दोन-तीन भावंडे आळीपाळीने वापरतात, त्या घराला ही उधळपट्टी कशी परवडावी?

विद्यार्थी मित्रांना मात्र येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. स्वातंत्र्य म्हणजे स्वैर खटपट नव्हे. शाळेचा संगणक शाळेचा आहे; शिक्षकांच्या अनुमतीवाचून त्यात काही बसवू नये. घरच्या संगणकावरही आधी कळा पाहाव्या, मग प्रणालीची स्वतःची मांडणी तपासावी, आणि त्यानंतरच नावाजलेल्या खुल्या आज्ञावलीकडे वळावे. कोठून तरी आलेली अनोळखी फाईल उघडणे म्हणजे दिवा लावावयास जाऊन घराला आग लावणे होय.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपणांस या विषयाची आणखी एक बाजू दिसते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर रोमन अक्षरे तेवढी उमटविलेली असतात. दिवा कितीही लखलखला, तरी 'क' कोठे आणि 'म' कोठे, हे तो सांगत नाही. येथे खरोखरच दिव्याखाली अंधार! भारतीय भाषांसाठी ठरलेली इनस्क्रिप्ट मांडणी विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत उपलब्ध आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, असा तिचा सुटसुटीत क्रम आहे. तो क्रम बोटांच्या अंगवळणी पडला की डोळ्यांना कळफलकाकडे वळण्याचे कारणच उरत नाही. ज्याची बोटे शिकली, त्याला दिवा पूर्ण मालवूनही मराठी लिहिता येते. आपला हात जगन्नाथ, तो असा.

परंतु आपण शिकलो म्हणून कारखानदार कर्तव्यातून मुक्त होत नाही. उजेड कमी-जास्त करण्याची कळ यंत्रावरच असावी, आणि संकेतांची भाषा प्रसिद्ध व्हावी, ही ग्राहकाची रास्त मागणी आहे. पालकांनी लॅपटॉप घेताना किंमत आणि वेग यांच्या जोडीने दुकानदाराला एवढे अवश्य विचारावे: "याचा दिवा तुमच्या आज्ञावलीशिवाय मंद होतो का? इथेच करून दाखवा." दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला की अकराव्याच्या वेळी त्याचे उत्तर दुकानदाराजवळ तयार असेल, आणि आज ना उद्या तो प्रश्न कारखान्यापर्यंतही पोहोचेल.