पोरगं रानात, शिष्यवृत्ती बाकावर



बारावीचा निकाल आणि मृगाची पेरणी आपल्या घरात पाठोपाठ येतात. घरात जो काही पैसा असतो तो बियाण्याच्या पाकिटात आणि खताच्या पोत्यात जातो. दोन पोरे असतील तर एकाला शहरात धाडता येते, दुसरे औतामागे राहते. पोरगी असेल तर गावापासून कॉलेज किती लांब, एवढ्यावरच तिचे शिक्षण ठरते. अशी मागे राहिलेली पोरे आता घरी राहून पदवीचा अर्ज भरतात. दिवसा निंदणी-फवारणी, रात्री मोबाईलवर धडा, वर्षातून काही दिवस अभ्यासकेंद्रावर परीक्षा. कष्ट दुप्पट आहेत, पण पोरे नेटाने करतात.

ही काही दुय्यम पदवी नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले ते 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. त्याआधी १९८५ साली दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्टच सांगितले की, मान्यताप्राप्त संस्थेने दूरशिक्षणाने किंवा ऑनलाईन दिलेली पदवी ही कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे.

पदवी बरोबरीची, मग मदत बरोबरीची का नाही?

केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठी एक गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. बारावीत मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांत आलेल्या आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण अट अशी की अभ्यासक्रम नियमित हवा. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने शिकणाऱ्याला ती नाही. म्हणजे दोघांना सारखेच गुण, दोघांचे बाप सारखेच कोरडवाहू. एकाने शहरात खोली घेतली तर तो हुशार, दुसरा बापाच्या मदतीला घरी राहिला तर त्याची हुशारी खात्यात जमा होत नाही.

राज्याकडे पाहा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना शुल्कमाफी आली. चांगले झाले. पण ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींना. घरी राहून बी. ए. करणाऱ्या आपल्या लेकीला तिचा उपयोग नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना अल्पभूधारकांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी आहे, पण ती वसतिगृहाचा निर्वाह भत्ता देते. घर न सोडणाऱ्याला तो कसा मिळणार? ज्या भाऊसाहेबांनी अमरावतीत १९३२ साली शिक्षणसंस्था काढून बहुजनांच्या पोरांना शाळेत आणले, त्यांच्या नावाची मदत शेतात उभ्या असलेल्या पोरापर्यंत पोचत नाही.

याला चांगला अपवादही आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पत्राद्वारे शिकणाऱ्यालाही शुल्काची भरपाई देण्याची तरतूद फार पूर्वीपासून आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ठरावीक अभ्यासक्रमांना शुल्क माफ होते. म्हणजे घरी बसून शिकणाऱ्याला मदत देता येत नाही, हे खरे नाही. देता येते. इतरांना द्यायची नाही, एवढेच.

आता कोणी म्हणेल, 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणणाऱ्या संघटनेने शिष्यवृत्तीसाठी हात का पसरावा? प्रश्न रास्त आहे. उत्तर हिशेबाचे आहे. २०१८ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निघाले की, २०००-०१ ते २०१६-१७ या काळात सरकारी धोरणामुळे भारतातल्या शेतकऱ्याच्या ढोबळ मिळकतीतून सरासरी १४ टक्के काढून घेतले गेले. आपण याला उणे सबसिडी म्हणत आलो. आणि हे जुने झाले असेही नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला, आणि १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले गेले. सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी आपल्या वेचणीपर्यंत. भाव मिळाला असता तर पोराची फी आम्हीच भरली असती. तो मिळू दिला जात नाही तोवर शिष्यवृत्ती हे दान नव्हे. आमच्याच पैशातले थोडेसे परत येणे आहे. ते मान खाली न घालता घ्यावे आणि भावाची लढाईही सोडू नये.

दुसरा आक्षेप असा की, घरी शिकणाऱ्याला खर्च कसला? खोलीभाडे नाही, खानावळ नाही. मान्य. मग खोलीभाडे देऊ नका. पण शुल्क आहे, पुस्तके आहेत, मोबाईल आणि त्याचा रिचार्ज आहे, परीक्षेला तालुक्याला जाण्यायेण्याचा खर्च आहे. त्या दिवसांची मजुरी बुडते ती वेगळी.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: कागदावर विद्यार्थी दाखवून पैसा लाटतील. लाटतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बाकावर बसवून तो थांबतो काय? हजेरीपटावर नाव आणि पोरगं फवारणीवर, असे नियमित विद्यार्थी प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांचा अर्ज मंजूर होतो. जो खरे सांगून दूरशिक्षणाला नाव घालतो त्याचा होत नाही. नियम असा प्रामाणिक माणसाला दंड करतो. उपाय सोपा आहे. पहिल्या वर्षी शुल्क माफ करा, पुढच्या वर्षाची माफी परीक्षा पास झाल्यावर द्या. हजेरी मोजू नका, निकाल मोजा.

उत्पन्नाच्या दाखल्याचीही गंमत पाहा. समजा आठ एकर कोरडवाहू कापूस, एकरी पाच क्विंटल, भाव ७,००० रुपये. पट्टी झाली २,८०,००० रुपयांची. कोणी ती पट्टीच उत्पन्न म्हणून धरली तर अडीच लाखांची मर्यादा ओलांडली. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी वजा केली तर हाती काय राहते ते आपल्याला ठाऊक आहे. शेतीत आलेला पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे. नोकरदाराचा पगार आणि शेतकऱ्याची पट्टी एका रकान्यात लिहिणे हाच अन्याय आहे. उणे आकड्याचा दाखला मात्र आम्ही अजून पाहिलेला नाही.

आणि वेळ? शुल्क भरायचे पेरणीच्या दिवसांत, भरपाई आली तर कधीतरी नंतर. कापूस घरात येतो दसरा-दिवाळीपासून, रब्बीची ज्वारी त्याहून पुढे. मधल्या काळात पोराच्या फीसाठी सावकाराचे दार. शिक्षणाचे वेळापत्रक नोकरदाराच्या पगाराकडे पाहून केलेले आहे, पिकाकडे पाहून नाही.

मजेची गोष्ट अशी की, दूरशिक्षणाने पदवी घेता येत नाही अशा विषयांच्या आयोगाच्या यादीत वैद्यक आणि अभियांत्रिकीबरोबर शेतीही आहे. कारण प्रात्यक्षिक लागते. ज्याचा जन्म वावरात गेला त्याला प्रात्यक्षिकासाठी वावर सोडावे लागते!

नियम बदलेपर्यंत पोरांनी आपल्या बाजूने चूक ठेवू नये. प्रवेशाआधी संस्थेला आणि त्याच अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची मान्यता आहे का, हे पाहावे. दलालाच्या शब्दावर पैसा देऊ नये. आता प्रवेशाला त्या विभागाचा ओळख क्रमांकही लागतो, तो स्वतः काढावा. उत्पन्नाचा दाखला पेरणीच्या घाईआधी काढून ठेवावा. बँकेचे खाते आधारशी जोडले आहे ना, हे बँकेत जाऊन विचारावे. मंजूर रक्कम इथेच अडते. अर्जावर मोबाईल नंबर आपला असावा, अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा नव्हे. आणि अर्ज पाठवला म्हणजे झाले असे नाही. तो संस्थेच्या टेबलावर पडून आहे की पुढे गेला, हे पाहत राहावे. नाकारला तर कारण लेखी मागावे.

जिल्हा बैठकीत आपण चार मागण्यांचा ठराव करू. एक, जी पदवी बरोबरीची, तिला शुल्काची मदतही बरोबरीची. दोन, कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न खर्च वजा जाता धरावे. तीन, शेतकरी व शेतमजुरांच्या मुलांचे शुल्क प्रवेशाच्या वेळी न घेता संक्रांतीनंतर घ्यावे किंवा थेट सरकारने भरावे. चार, दूरशिक्षणातल्या शेतीच्या पदवीवरची मनाई उठवून प्रात्यक्षिक जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात घेण्याची सोय करावी.

गावात घरी राहून शिकणारी पोरे-पोरी किती, कोणाचा अर्ज कोणत्या कारणाने नाकारला, याची यादी प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने बैठकीला आणावी. नाकारल्याचे कागद जोडावेत. ठरावाला तोंड असते, पण दात असतात ते अशा कागदांना.