शिंक्याखाली शिंके

ओझ्याच्या बाबतीत आपली मराठी मोठी श्रीमंत आहे. उचलणे, पेलणे, तोलणे, झेलणे, झेपणे. वर्गात मी मुलांना विचारतो, "यांत फरक काय?" उत्तर येते, "सर, सगळ्यांचा अर्थ एकच." एक मुळीच नाही. हमालाने पोते उचलले म्हणजे ते त्याला पेलले असे होत नाही. आणि पेलले तरी तोलता आले असेही नाही. माझे हे मत इतकी वर्षे कोणी मनावर घेतले नव्हते. शेवटी घेतले ते माझ्या भाच्याने, आणि तो पडला पोलादी बांधकामाचा इंजिनिअर!

दिवाळीच्या फराळात हे लोखंडाचे चणे कशाला, असे वाचक विचारतील. पण शहरात राहणारा माणूस दिवसातून कितीदा तरी कोणाच्या तरी नटबोल्टवर विसंबून असतो. स्टेशनचा पादचारी पूल, सिनेमागृहाचे छप्पर, रात्री रस्ता अडवून क्रेनने चढवलेली ती प्रचंड तुळई. सकाळी आपण तिच्याखालून निवांत जातो. काल रात्री तिथे कोणी कोणते प्रश्न विचारले, हे आपल्या गावीही नसते.

भाचा सांगतो, "मामा, पाहायला आलेला प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, वजन किती? तो प्रश्न सोपा आहे. लोखंडाचं वजन कोष्टकात मिळतं. ते टांगलंय कसं, हे कोणी विचारत नाही."

हे मला प्रथम पटले नाही. मग त्याने आमच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी दाखवली. सौ.ना ती ताठ हवी असते, मला सैल चालते. या विषयावर आमच्या घरी बरेच वाङ्मय निर्माण झाले आहे. परंतु शास्त्र माझ्या बाजूचे निघाले. ताठ दोरीच्या मधोमध ओली चादर टाकली की भिंतीतला खिळा उपटून येतो. थोडी सैल दोरी तीच चादर मुकाट्याने धरते. चादर तीच, वजन तेच. बदलला तो कोन.

क्रेनच्या हुकातून लोंबणाऱ्या पोलादी दोरांचे असेच आहे. दोन टनांची तुळई दोन दोरांनी सरळ उभी टांगली, तर प्रत्येक दोरावर एक टन. दोर तिरपे होऊन आडव्याशी साठ अंशांचा कोन करू लागले, की प्रत्येकावर सुमारे १.१५ टन. पंचेचाळीस अंशांवर १.४१. तीस अंशांवर पुरते दोन टन! म्हणजे दोन दोर लावूनही प्रत्येकाने साऱ्या तुळईइतका ताण सोसायचा. शिवाय तिरपे दोर तुळईला दोन्ही टोकांनी आत दाबतात. ती सडपातळ असली तर मध्येच वाकते. म्हणून वर एक आडवी दांडी घालतात. तिला हे लोक स्प्रेडर बीम म्हणतात. ती असली की खालचे दोर उभे राहतात आणि दाब तुळईऐवजी दांडीवर जातो. गमतीची गोष्ट अशी की ही दांडी घालायला निघाले, की उंची पुरत नाही, क्रेन आखूड पडते, वेळ जातो, आणि कोणीतरी म्हणतो, "राहू द्या हो, एवढ्याशाने काय होतंय?"

तोलण्याचे म्हणाल तर नियम एवढाच, की ओझ्याचा मध्य हुकाच्या बरोबर खाली यायला हवा. तुम्ही आणला नाहीत, तर ओझे स्वतःहून झुकून तो तिथे आणते. मग मध्ये कोण उभा आहे हे ते पाहत नाही. म्हणूनच जाणता खलाशी ओझे आधी वीतभर उचलून थांबतो.

आता शिंक्याकडे वळू. जुन्या स्वयंपाकघरात आढ्याला शिंके असे आणि त्यात लोण्याचे मडके. शिंके तुटण्यावर आपल्याकडे म्हणही आहे, पण तिच्यात सारे लक्ष बोक्याकडे. शिंके तुटले का, याची चौकशी मराठीने केलेली नाही! समजा, आढ्यापासून एक लांब दोर सोडला आणि त्याच दोराला एक शिंके वर, एक खाली, असे दोन गाठींनी बांधले. वरच्या गाठीवर फक्त वरच्या मडक्याचे ओझे. आता कोणी सोयीसाठी दोर तोडला आणि खालचे शिंके वरच्या शिंक्याच्या बुडाला बांधले. आढ्यावरचे ओझे तेवढेच राहिले, वरचा दोरही तोच. परंतु वरच्या गाठीवर आता दोन मडकी आली. पाहणाऱ्याला काही फरक दिसतो का? नाही दिसत.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कॅन्सस सिटी नावाचे शहर आहे. तिथले हयात रीजन्सी हे हॉटेल १९८० साली उघडले. आत भव्य, उंच दिवाणखाना, आणि त्यात छतापासून पोलादी सळ्यांनी टांगलेले पादचारी पूल. चौथ्या मजल्याच्या पातळीवरचा पूल बरोबर दुसऱ्या मजल्याच्या पुलावर होता. मूळ आराखड्यात दोन्ही पूल एकाच लांब सळीवर, प्रत्येक आपापल्या नटवर टेकलेले. पण एवढ्या लांब सळीवर मध्यापर्यंत नट चढवायचा म्हणजे तेवढे आटे पाडायला हवेत, आणि पूल वर चढवताना ते आटे खराब व्हायचे. अडचण खरी होती. तेव्हा पोलाद घडवणाऱ्यांनी एका सळीच्या दोन केल्या. एक छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत. दुसरी त्या तुळईपासून खाली. शिंक्याखाली शिंके!

१७ जुलै १९८१, शुक्रवारची संध्याकाळ. खाली नाचाचा कार्यक्रम रंगलेला, दिवाणखान्यात सुमारे सोळाशे माणसे, काही जण पुलांवर उभे राहून खालची मौज पाहत होते. सात वाजून गेल्यावर चौथ्या मजल्याच्या तुळईतून नट आरपार निघाले. वरचा पूल खालच्या पुलावर आणि दोन्ही मिळून गर्दीवर कोसळले. ११४ माणसे मेली, दोनशेंहून अधिक जखमी झाली.

मग अमेरिकन सरकारच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने तपास केला. त्या तुळया दोन पन्हळी तोंडाला तोंड जोडून केलेल्या होत्या, आणि सळीचे छिद्र नेमके जोडावर होते. तपासात आणखी एक गोष्ट निघाली. मूळ आराखड्यातला तो सांधासुद्धा नगराच्या नियमाने मागितलेल्या ताकदीच्या सुमारे साठ टक्केच पेलला असता. बदलाने ती तीसवर आली. म्हणजे मूळचाच प्रश्न कोणी नीट विचारलेला नव्हता. नंतरच्या सोयीने त्यावर कळस चढवला. वर्तमानपत्राचेही कौतुक करायला हवे. तिथल्या दैनिकाने स्वतः एक इंजिनिअर नेमून या दोन सळ्यांचे कोडे काही दिवसांतच वाचकांपुढे मांडले, आणि पुढल्या वर्षी त्या वार्तांकनाला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मला मात्र या कथेतले सर्वांत भयंकर पात्र वाटते ते टेलिफोन. पोलाद घडवणारे म्हणाले, आम्ही फोन करून बदलाची परवानगी घेतली होती. इंजिनिअर म्हणाले, असा फोन आलाच नाही. खरे कोणाचे, ते राहू द्या. बदल दाखवणाऱ्या नकाशांवर मात्र इंजिनिअरांचा शिक्का होता. पुढे त्यांचे त्या राज्यातले व्यवसायाचे परवाने गेले. शिक्का मारताना त्या सांध्याचे गणित मात्र कोणीच मांडले नव्हते.

आता पुन्हा आमच्या भाच्याकडे येतो. एका कामावरून त्यालाही असाच फोन आला होता. "साहेब, या जोडाला सहाऐवजी चार बोल्ट घातले तर चालतील ना? स्पॅनर शिरत नाही." त्याने उत्तर दिले, "नकाशा पाठवा, मग सांगतो." नकाशा आला, गणित झाले, जोड बदलावा लागला आणि काम दोन दिवस रखडले. क्रेनचे भाडे अंगावर पडले. ऑफिसात त्याला तेव्हापासून 'शंकासुर' म्हणतात. यंदाच्या बढतीत त्याचे नाव मागे राहिले, ते यामुळेच, असे माझ्या बहिणीचे म्हणणे. मी त्याला विचारले, "अरे, चार बोल्टांनी खरंच पडलं असतं का?"

"कदाचित नसतं पडलं, मामा. दोराला पाचपट ताकद धरतो, बोल्टालाही काही जास्तीची धरतोच. पण ती शिल्लक आमच्या न कळलेल्या गोष्टींसाठी असते. कळूनसवरून ती खायची नसते."

मला हे बोलणे आवडले. बहिणीला आवडले नाही. तिचेही चुकत नाही. घराचा हप्ता शंकांनी फिटत नाही. तरीही माझे मत भाच्याच्या बाजूने आहे, आणि ते मी तिला सांगितलेले आहे. ज्या कचेरीत प्रश्न विचारणाऱ्याला टोपणनाव मिळते, तिथल्या पुलाखालून जाताना मी जरा भरभर चालेन.

या शंकासुराचा प्रसाद आम्हालाही मिळाला आहे. दिवाळीसाठी आम्ही गॅलरीत टांगायला झोपाळा आणला. भाच्याने कडी हातात घेतली आणि विचारले, "मामा, यावर नुसतं बसायचंय, की झोके घ्यायचेत?"

"त्याने काय होतं?"

"उभ्यापासून साठ अंशांवर जाईल असा झोका घेतला, की खाली येताना ओझं दुप्पट होतं. नातवंडं काय नुसती बसणार आहेत?" हेच ते झेलणे!

दुकानदार म्हणाला होता, "साहेब, पाचशे किलोची गॅरंटी." भाचा म्हणाला, "कशाची? कडीची की स्लॅबची?" कडी स्लॅबच्या आतल्या सळ्यांना धरून बसवायची, की खालून भोक पाडून नुसती ठोकायची, हे दुकानदाराला ठाऊक नव्हते, बसवायला आलेल्या माणसालाही नव्हते. इमारतीचे मूळ नकाशे पाहायला हवेत असे ठरले. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे ते मागितले आहेत. "दिवाळी होऊन जाऊ द्या, मग कपाट उघडू," असे ते म्हणाले. झोपाळा अजून खोक्यातच आहे, आणि नातवंडे त्या खोक्यावर बसून चकल्या खात आहेत.