सवाईची दुपार

डिसेंबर उजाडला की पुण्यात ‘यंदा सवाई?’ एवढ्या दोन शब्दांत अख्खा प्रश्न विचारून होतो. समोरचा माणूस मग रजा किती शिल्लक आहे, गुडघे कितपत साथ देतील आणि नाशिकहून येणारा मेव्हणा कुठे झोपणार, हे सगळे सांगून टाकतो. ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ हे पूर्ण नाव पत्रिकेवर असते, बोलण्यात कुणी वापरत नाही. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व १२ सप्टेंबर १९५२ रोजी गेले. पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूच्या पुण्यतिथीचे निमित्त करून हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो आजही चालवते. भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत गेले, तेव्हा गुरूच्या नावाला शिष्याचे नाव जोडले गेले.

या उत्सवाचा विषय निघाला की जुनी मंडळी हटकून रात्रीवर येतात. शनिवार पेठेतले रमणबाग शाळेचे मैदान, लागोपाठ तीन रात्री, कानटोपी, शाल, थर्मासमधला चहा आणि शेवटच्या पहाटे भीमसेनजींचे गाणे. दरबारी मध्यरात्रीच ऐकायचा, ललत झुंजुमुंजू होताना. तोडी कानात घेऊन बाहेर पडावे तर अप्पा बळवंत चौकात पेपरवाल्यांचे गठ्ठे सुटत असायचे. राग वेळेवर गावा हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि थंडीने बोटे आखडलेली असताना, आभाळाचा रंग बदलत असताना ते अंगावर येणे वेगळे. हे ज्यांनी अनुभवले त्यांचा हेवा वाटतो, हे कबूल.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहाची रेघ पक्की केली. वर्षातल्या पंधरा दिवसांपुरती बारापर्यंत सवलत देता येते, पण त्यातले बरेच दिवस गणपती-नवरात्रातच खर्ची पडतात. सवाईच्या वाट्याला शनिवारची रात्र येते. त्यावर गळा काढणारे लेख दरवर्षी निघतात, आणि आम्हीही त्यात मागे नव्हतो. पण मैदानाला लागून घरे होती. त्यांत दमेकरी होते, तान्ही मुले होती, सकाळच्या पाळीला जाणारे होते. ललत कितीही सुंदर असला तरी भिंतीपलीकडून, कर्ण्यातून, न मागता ऐकावा लागला तर तो गोंगाटच. नियम योग्य होता, असे आता स्पष्ट म्हणायला हवे.

रात्र गेली, तिच्या जागी काय आले याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. तिच्या जागी दुपार आली. दहाला संपवायचे म्हटल्यावर उत्सव लवकर सुरू करणे भागच होते. २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. सुरुवातीच्या दिवसांत तीनच्या सुमारास पहिला कलाकार बसतो, रविवारी तर भर बाराला. म्हणजे भीमपलास, पटदीप, मधुवंती, मुलतानी या मंडळींना त्यांच्या हक्काची वेळ मिळाली. एरवी शहरातल्या सभागृहात मैफल सहाला किंवा त्यानंतर सुरू होते. श्रोता यमन, बिहाग, बागेश्री अशा ठरलेल्या स्थानकांवर चढतो आणि उतरतो. नोकरी करणाऱ्या माणसाने मुलतानी ऐकायचा तो ध्वनिमुद्रणावर, तोही बहुधा रात्री जेवण झाल्यावर.

मुलतानीपाशी जरा थांबू. रिषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र, म्हणजे सगळे स्वर तोडीचे. तीच भांडी, तेच मसाले, पण स्वयंपाक निराळा. चढताना रिषभ-धैवताला वगळायचे, गंधार तीव्र मध्यमाला बिलगून घ्यायचा आणि येऊन टेकायचे पंचमावर. सकाळची तोडी कारुण्याने झुकते. हा राग उन्हाने सुकलेल्या रस्त्यावरून चालत आलेल्या माणसासारखा लागतो. पहाट गेल्याने तोडी गेली म्हणून हळहळणाऱ्यांना तेच स्वर दुपारी चारला, उघड्या मैदानावर, ऊन कलताना ऐकायला मिळतात. हा सौदा अगदीच तोट्याचा झाला असे आम्हांला वाटत नाही.

पण तीन वाजता मांडवात जाऊन पाहा. खुर्च्यांवर माणसांऐवजी रुमाल बसलेले असतात. भारतीय बैठकीत पुढच्या बाजूला तीस-चाळीस डोकी. कापडाच्या जोडांतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या सतरंजीवर आडव्या पडलेल्या. मंचावर तिशीतला एखादा गायक तंबोरा मांडीवर आडवा घेऊन जुळवत असतो. खुंटी पिळून पंचमाची तार जवळपास आणतो, मग भोपळ्याकडचा मणी नखभर सरकवतो आणि घोडीवरचा दोरा अंगठ्याने हलवत जवारी शोधतो. ती सापडते तेव्हा तार बोलायची थांबून गायला लागते. पण उघड्यावर हवा पालटली की तारा हलतात, म्हणून शिष्याचा कान अर्धा गाण्याकडे आणि अर्धा खुंटीकडे. तंबोरे बहुधा मिरजेचे, म्हणजे सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ ज्या गावी राहिले तिथले. ही सगळी तयारी तो कुणासाठी करतो? मुख्यतः रुमालांसाठी.

तीनला गाणारा बहुधा नवखा असतो आणि पत्रिकेवरचे नाव आपल्या ओळखीचे नसते, हे खरे कारण. रजा वगैरे सबबी. आमचाच गुन्हा सांगतो. रमणबागेत एका वर्षी आम्ही असेच अनोळखी नाव पाहून उठलो आणि भज्यांच्या रांगेत उभे राहिलो. कर्ण्यातून पूरिया धनाश्रीचा पंचम असा काही आला की पुढच्या गृहस्थांनी बशी तशीच हातात धरून ठेवली, भजे तोंडाशी नेलेच नाही. आम्ही रांग सोडावी की नाही याचा विचार करत राहिलो, आणि आत पोचलो तेव्हा द्रुत संपत आली होती. भजी मात्र गरम होती. आज त्या गायकाच्या मैफलीची तिकिटे आठवडाभर आधी संपतात.

भीमसेनजींची स्वतःची कथा इथे आठवते. गुरूच्या शोधात घरातून पळालेला हा मुलगा ग्वाल्हेर वगैरे भटकत जालंधरला पोचला. तिथे १८७५ पासून हरिवल्लभ संगीत मेळा भरतो. पंजाबच्या कडाक्याच्या थंडीत लोक रजया पांघरून गाणे ऐकत बसतात. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितले की इतक्या लांब कशाला, तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. तो गेला आणि पाणी भरत शिकला. त्या मेळ्यात त्याचे नाव कुणालाही माहीत नव्हते. पुढे त्याने पुण्यात जो मांडव घातला, त्यात अनोळखी नावांना जागा असणे ओघानेच आले. ती जागा मंडळ आजही ठेवते. रिकामी आपण ठेवतो.

मोठ्या नावांसाठी पाच दिवसांचा उत्सव कशाला हवा? ती वर्षभर सभागृहांतून येतच असतात. चार-पाच दिवस एकाच मांडवात मांडी घालून बसण्याचा फायदा असा की ज्याच्यासाठी आलो नाही, तेही कानावर पडते. सतार ऐकायला आलेल्याला धृपद भेटतो. ख्यालाच्या ओढीने आलेला बासरीत अडकतो. कान असाच तयार होतो, निवडून ऐकणाऱ्याचा होत नाही. आजकाल मोबाइलवर हवा तो कलाकार, हवा तो राग दोन बोटांनी काढता येतो. त्यामुळे न निवडलेले ऐकायची सवय आणखीच मोडली आहे.

संगीत महाविद्यालयांनी आणि घरोघरच्या गाण्याच्या क्लासांनी त्या दिवसांत दुपारचा वर्ग मांडवातच भरवावा. भीमपलासाचे आरोह-अवरोह वहीत उतरवून घेणाऱ्या मुलांना तो तीन वाजता ऐकू द्या. पहिल्या तासाभरापुरता विद्यार्थ्यांना मोकळा प्रवेश देता आला तर मंडळाने तोही विचार करावा. रुमाल ठेवून जागा धरणाऱ्यांना आमची विनंती एवढीच की सोबत तासभर स्वतःही बसावे.

रविवारी रात्री सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवून उत्सवाची सांगता होते, आणि तेव्हा मांडवात मुंगी शिरायला जागा नसते. तो क्षण चुकणार नाही याची काळजी पुणेकर आपसूक घेतात. पहिल्या दिवसाची अर्धी रजा मात्र आजच टाकावी लागेल.