‘युज्ड टू’चा घोळ

पेणची माझी मैत्रीण गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. परदेशातल्या गिऱ्हाइकाला ती फोनवर म्हणाली, ‘आय युज्ड टू पेंट.’ सांगायचं होतं, हाताला सवय आहे. त्याला वाटलं, बाईंनी काम सोडलं! ऑर्डर गेली.

रोह्याला परतताना तेच डोक्यात. ‘मी रंगवायचे’ आणि ‘मला रंगवायची सवय आहे’, यांत आपण कधी चुकतो का? इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘युज्ड टू’! सवय सांगायची तर आधी ‘अ‍ॅम’, पुढे ‘पेंटिंग’ हवं.

पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं; आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या. रिकाम्या जागा भरून मार्क मिळवले, पण बोलायला कुणी लावलंच नाही. आता आम्ही मैत्रिणी आपापल्या कामाचीच वाक्यं मोठ्याने म्हणतो. हसतो, पुन्हा म्हणतो.