आधी आपल्या माणसांना अडवा

एखाद्या टोळक्याने कुणाला रस्त्यात गाठून चोपलं आणि मार खाणारा आपल्याला आवडत नसला, की आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘बरं झालं, अद्दल घडली.’ हा शब्द गिळायला शिका, एवढंच मला सांगायचं आहे. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या सज्जन, शिकल्यासवरल्या माणसांनी तो गिळला नाही. त्याची किंमत त्यांनाही मोजावी लागली.

पहिल्या महायुद्धानंतर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या संघटना जोरात होत्या. कामावर कुणाला घ्यायचं हेसुद्धा जमीनदाराच्या हाती उरलं नव्हतं. जमीनदारांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. संपात उभी पिकं सडली होती. १९२० च्या अखेरीस मुसोलिनीच्या फॅसिस्ट चळवळीतली, काळे शर्ट घातलेली पोरं त्यांच्या मदतीला आली. कुणी लढाईवरून परतलेला, कुणी कॉलेजात शिकणारा, कुणी जमीनदाराचाच मुलगा. रात्री ट्रक भरून ही टोळी खेड्यात उतरायची. मजूर संघाच्या कचेरीतली दप्तरं आणि टेबलं-खुर्च्या बाहेर काढून पेटवायची. पुढाऱ्याला बायकोमुलांदेखत घरातून ओढून काठ्यांनी बडवायची, नाहीतर जबडा उघडून एरंडेल घशात ओतायची. एरंडेलाने माणूस सहसा मरत नाही. पण चार लोकांत त्याची जी शोभा होते, त्यानंतर तो पुन्हा सभेत उभा राहायला धजत नाही.

पैसा आणि ट्रक पुष्कळदा जमीनदारांचे. पोलीस कानाडोळा करायचे. कुठे कुठे लष्करातल्या अधिकाऱ्यांनीच हत्यारं पुरवली. मुरब्बी पंतप्रधान जोलित्ती यांनी काट्याने काटा काढायचं ठरवलं आणि मे १९२१ च्या निवडणुकीत या मंडळींना आपल्या आघाडीत घेतलं. मुसोलिनीसह ३५ जण संसदेत पोहोचले. पदं मिळाली की पोरं निवळतील, असा जोलित्तींचा हिशेब होता. ऑक्टोबर १९२२ मध्ये तीच पोरं रोमवर चालून आली. सैन्याने त्यांना सहज रोखलं असतं, पण राजाने लष्करी कायद्याच्या हुकमावर सही केली नाही. मुसोलिनी रात्रीच्या गाडीने आला आणि पंतप्रधान झाला. १९२६ संपेपर्यंत विरोधी पक्ष तर बंद झालेच, जोलित्तींचे उदारमतवादीही त्यात गेले. म्हातारी मेल्याचं दुःख नव्हतं, पण काळ सोकावला होता.

जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर महिनाही उलटला नव्हता. २२ फेब्रुवारी १९३३ रोजी त्याचा सहकारी गोरिंग याने प्रशिया प्रांतात नाझी पक्षाच्या तपकिरी शर्टवाल्यांना सहायक पोलीस नेमलं. दंडावर पांढरी पट्टी बांधली की कालचा गुंड आजचा शिपाई. ज्याने मारलं, त्याच्याकडेच फिर्याद न्यायची पाळी आली.

हे अटळ होतं असं मात्र समजू नका. फिनलंडमध्ये १९२९ च्या अखेरीस लापुआ चळवळ उभी राहिली. कम्युनिस्टांना मारायचं, मोटारीत कोंबून रशियाच्या सीमेवर नेऊन सोडायचं, हा तिचा खाक्या. पुष्कळांना तो मनातून पटतही होता. मग ऑक्टोबर १९३० मध्ये सकाळी फिरायला निघालेले माजी राष्ट्राध्यक्ष स्टोलबर्ग आणि त्यांच्या पत्नी यांनाच पळवण्यात आलं, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. १९३२ मध्ये या मंडळींनी मॅन्ट्सालात सशस्त्र बंड केलं. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष स्विनहुफवुद उजव्या विचारांचे, लापुआवाल्यांच्याच पाठिंब्याने निवडून आलेले. त्यांनी रेडिओवरून बंडखोरांना घरी परतायला सांगितलं. सैन्य सरकारच्या बाजूने राहिलं, बंड विरलं, चळवळीवर बंदी आली. फिनलंडची लोकशाही वाचली.

आता आपलं. गणवेश, कवायत, शिस्त यांत वाईट काही नाही. पूर आला की धावून जाणारी मंडळं आपल्याला हवीच आहेत. पारख एकच ठेवा : शिक्षा देण्याचा अधिकार या लोकांनी स्वतःकडे घेतला आहे का? घेतला असेल, तर झेंडा कुठलाही असो, त्यांना वर्गणी देऊ नका, ट्रक देऊ नका, आपली पोरं देऊ नका. कुणाला मारतानाचा व्हिडिओ कौतुकाने पुढे ढकलू नका. समोर मारहाण होत असेल तर ११२ ला फोन लावा. साक्षीला बोलावलं तर जा. एकट्याला भीती वाटत असेल तर सोसायटीतली, आळीतली चार माणसं मिळून जा. तारीख, जागा, काय घडलं, सारं लिहून ठेवा. इटलीत खासदार मातेओत्ती नेमकी हीच नोंद ठेवत होते. ती इतकी झोंबली, की जून १९२४ मध्ये त्यांना पळवून ठार मारलं. म्हणून हे काम एकट्यादुकट्यावर सोडायचं नसतं.

आणि मुख्य म्हणजे, ज्यांच्याशी तुमची मतं जुळतात, त्यांना आधी अडवा. विरोधकाने निषेध केला की टोळीला उलट चेव चढतो. घरच्याच माणसाने ‘आमच्या नावाने हे करू नका’ असं ठणकावलं की तिच्या पायाखालची जमीन सरकते. हे ठणकावणं पहिल्या थपडेलाच व्हायला हवं. रोमच्या वेशीवर टोळी आल्यावर बोलायला गेलात, तर तुमचं ऐकायला कुणी थांबलेलं नसेल.