नाण्याची साक्ष

बखरी लबाड, पण नाणें खरें बोलतें, असें आमचे इतिहासभक्त छातीठोकपणें सांगतात. त्यांनीं इंग्लंडच्या पहिल्या चार्लसनें १६४२ पासून यादवी युद्धांत पाडलेलीं रुप्याचीं नाणीं पाहावीं. प्रॉटेस्टंट धर्म, इंग्लंडचे कायदे व पार्लमेंटचें स्वातंत्र्य यांचा कैवार त्यांवर लॅटिनमध्यें कोरला आहे; आणि लढाई चालली होती त्याच पार्लमेंटशीं! इकडे लंडनची टांकसाळ पार्लमेंटच्या ताब्यांत. पण १६४९ मध्यें राजाचा शिरच्छेद होईपर्यंत तिच्याही नाण्यांवर मुखवटा त्याचाच! ऑक्सफर्डच्या टांकसाळींत विद्यालयांचीं भांडीं आटलीं, ती चांदी खरी. अक्षरें मात्र पक्षकाराचीं. नाणें साक्षीदार आहे, पण साक्षीदाराचीही उलटतपासणी व्हावयास हवी. नाणें वाजवून घेणाऱ्यांनीं त्यावरील अक्षरेंही वाजवून घ्यावीं.