घेणाऱ्याचा नकार

दिवाळी जवळ आली की येवल्यातल्या पैठणीच्या दुकानांत पांढऱ्या गाद्यांवर बसायला जागा मिळत नाही. मनमाड-नगर रस्त्यावरून आलेल्या गाड्यांतून तीन-तीन पिढ्या एकदम उतरतात. सासू काठ पाहते, सून रंग पाहते, नात फोटो काढते. दुकानदार एकामागून एक घड्या उलगडतो, मांडीवर पदर पसरले जातात, मध्येच चहा येतो. बांगडी मोर की मुनिया, नारळी काठ की पंखा, यावर घरातल्या घरात मतदान होतं. शेवटी साडी पिशवीत पडते, गाडी निघते आणि कोपरगावच्या आसपास कुणीतरी तो प्रश्न काढतंच: कपाटात ठेवायची कुठे?

या दिवसांत घरोघरी हाच प्रश्न असतो. माळे उतरवले जातात, ट्रंका उघडतात, पलंगाच्या पेटीतला ऐवज उन्हात येतो. त्यात काय नसतं? टाकवत नाही आणि वापरवतही नाही असा कुकर, मुलगा आठवीत असतानाची सायकल, एकेकाळी सगळी गल्ली ज्यासमोर जमायची तो टीव्ही. बारशाला आलेले स्टीलचे पेले तर देण्याचीही सोय नाही. प्रत्येकावर ‘आत्याकडून सप्रेम’ असं कोरलेलं असतं आणि आत्या अजून दर दिवाळीला येते.

आहेराच्या साड्या आणि ब्लाउजपीस यांची मात्र चिंता नको. नको असलेली वस्तू पुढे सरकवण्याची कला मराठी घरांनी इथे पूर्णत्वाला नेली आहे. ओटीत आलेला ब्लाउजपीस शिवायला टाकायचा असतो, असा गैरसमज फक्त नव्या सुनेचा होतो. तो पुढच्या ओटीत जातो, तिथून हळदीकुंकवाला, तिथून कुणाच्या डोहाळजेवणाला. घडी न मोडलेली साडीही अशीच लग्नामागून लग्नं करत फिरते आणि कधीकधी फिरत फिरत मूळ घरी परत येते. तेव्हा ती ओळखायची नसते, हा यातला एकमेव नियम.

या चेष्टेत तथ्य असं, की घर रिकामं करणं हा आपल्याकडे सणाचाच भाग आहे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदीकुंकू वाहतात आणि मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढतात. ती उंबऱ्याबाहेर गेली की जाते कुठे, याची चौकशी कुणी करत नाही. घरातून निघालेल्या वस्तूंचंही तसंच होतं.

पैठणीच्या बाबतीत मात्र ही चौकशी करता येते. सतराव्या शतकात येवल्याचा पाया घालणाऱ्या रघोजी नाईकांनी विणकर आणून वसवले, असं गावचा इतिहास सांगतो. तेव्हापासून इथल्या घरांना रेशमाचं आयुष्य किती असतं ते ठाऊक आहे. पदरावरची नक्षी रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्यांनी हातानं भरली जाते आणि ती उलट-सुलट दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. त्यामुळे एक बाजू विटली तरी कापड फुकट जात नाही. आजीच्या पैठणीचं रेशीम घडीवर चिरलं, की चांगल्या भागाचं नातीला परकर-पोलकं व्हायचं. परकर आखूड झाला की बाळाला कुंची. उरलेल्या तुकड्यात पोथी बांधली जायची, नाहीतर देवाखाली आसन म्हणून तो अंथरला जायचा. काठ तेवढे शाबूत असले तर ते उसवून नव्या कापडाला लावायचे. आणि सगळंच संपलं की ‘जुन्या जरीच्या साड्या’ अशी हाळी देत फिरणारा माणूस होताच. तो साडीचं वजन करायचा, भाव सांगायचा आणि घेऊन जायचा. पुढे भट्टीत रेशीम जळून जायचं आणि खऱ्या जरीतली चांदी उरायची. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या किती पैठण्या अशा चांदीच्या गोळ्या होऊन गेल्या असतील याची कल्पनाही करवत नाही. आज संग्रहालयाच्या काचेआड दिसतात त्या या भट्टीतून निसटलेल्या.

निसटलेल्या वस्तूंचा विषय निघाला की पुण्याच्या दिनकर केळकरांचं नाव घ्यावंच लागतं. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रहाला सुरुवात केली ती दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, कोरीव चौकटी अशा घरगुती वस्तूंपासून. वाडे पडत होते, घरं पितळेकडून स्टीलकडे निघाली होती आणि लोकांना अडगळ वाटणाऱ्या गोष्टींसाठी केळकर गावोगाव हिंडत होते, पदरचे पैसे मोजत होते. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. त्या त्या घरातल्या माणसांना त्या गेल्याचं दुःख झालं असेल, असं वाटत नाही. माळा मोकळा झाल्याचा आनंदच झाला असणार.

पण केळकर एखादेच. बाकी महाराष्ट्राच्या कपाटांचा भार वाहिला तो बोहारणीनं.

डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीला कपड्यांचं गाठोडं अशी दुपारच्या वेळी येणारी ही बाई मुख्यत्वे गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातली. तिचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे ते तो विसरत नाहीत. ती ओट्यावर पाटी उतरवते, पाणी मागते आणि मग पँट उजेडासमोर धरते. आधी गुडघे, मग बैठक. शर्टाची कॉलर उलटी करून पाहते, काखेतली शिवण ताणते, चेन वरखाली करते. साडीचे दोन थर वेगळे करून विरलेली जागा बरोबर शोधते. ‘ताई, ह्याला कोण घेणार?’ असं म्हणून एक ढीग बाजूला सारते. घरातल्या वहिनींची नजर कढईवर असते, बोहारीण चाळणीपुढे जात नाही. आणखी दोन शर्ट, एक जरीची साडी, शेवटी नवऱ्याला न विचारता त्याची एक बरी पँट, असं करत करत सौदा पातेल्यावर तुटतो. वहिनींना वाटतं फसलो, बोहारणीलाही तसंच वाटतं. म्हणजे भाव रास्त लागला.

तिथून पुढचं काम कुणाला दिसत नाही. रात्री गाठोडी सुटतात, कपडे निवडले जातात. धडके वेगळे, दुरुस्तीचे वेगळे, चिंध्या वेगळ्या. बटणं लागतात, रफू होतं, धुऊन इस्त्री होते आणि कपडा जुन्या बाजारात मजुराच्या, हमालाच्या, शाळकरी पोराच्या अंगावर जायला तयार होतो. चिंध्या गॅरेजमध्ये आणि कारखान्यांत यंत्रं पुसायला जातात. ल्युसी नॉरिस या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी दिल्लीच्या वाघरी व्यापाऱ्यांबरोबर राहून या साखळीवर २०१० मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. आपण बोहारणीला ‘बोहारणीसारखी घासाघीस’ या वाक्प्रचारात बसवून मोकळे झालो.

या घासाघिशीतच खरं मर्म आहे. बोहारणीला नाही म्हणता येत होतं. फाटका कपडा ती परत देत होती आणि तो परत घ्यावा लागत होता. ती कुणाची उपकृत नव्हती. नको असलेल्या वस्तूचं मोल घेणारी ठरवते, ही साधी गोष्ट आजच्या दानधर्मातून नाहीशी झाली आहे.

येवल्यात बसून हा विषय लिहिताना आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. जुना कपडा दुसऱ्याला देणं या देशात नेहमीच भूतदयेचं काम नव्हतं. उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं शूद्राला द्यावीत, असं मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलं आहे. गावगाड्यात महारांच्या तथाकथित हक्कांमध्ये प्रेतावरचं कापड होतं. ज्याला ते नाकारता येत नाही त्याच्यासाठी तो हक्क कसला? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांना मेलेल्या ढोरांचं मांस आणि शिळेपाके तुकडे सोडायला सांगितलं, ते या नाकारण्याच्या बळासाठी. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच येवल्यात, जिथे आज मुक्तिभूमी हे स्मारक आहे, त्यांनी धर्मच नाकारण्याची घोषणा केली. ज्या गावात पैठणी आईकडून लेकीकडे मानानं गेली, त्याच गावाला जुनेराचा दुसरा इतिहासही आहे. दिवाळीत कामवाल्या मावशींच्या हातात विटलेल्या साड्यांची पिशवी देताना तो आठवावा. मावशी नको म्हणत नाहीत. महिन्याचा पगार याच घरातून मिळत असतो.

आता गावोगावी ‘माणुसकीची भिंत’ दिसते. नको असेल ते द्या, हवं असेल ते घेऊन जा, अशी ही कल्पना. २०१५ च्या अखेरीस इराणच्या मशहद शहरातल्या भिंतीचा फोटो जगभर फिरला आणि वर्षभरात ती भारतातल्या शहरांत पोहोचली. कल्पना छानच आहे. घेणारा आपल्या हातानं निवडतो, कुणाचं तोंड पाहावं लागत नाही. पण पहिल्या महिन्याचा उत्साह ओसरला की भिंतीखाली काय साठतं तेही लोकांनी पाहिलं आहे: एकेक बूट, चेन तुटलेली दप्तरं, पावसात भिजलेले ढीग. जिथे रोज निवड करणारं कुणी आहे तिथे भिंत टिकते, नाहीतर ती रंगवलेली कचराकुंडी होते.

संकटाच्या वेळी तर आपली दानत अशी उफाळून येते, की ती आवरायला माणसं नेमावी लागतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून आलेले कपडे रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडले होते. ज्यांचं सगळं वाहून गेलं होतं त्यांनीही ते उचलले नाहीत. कोळीणबाईंनी कुणाचा तरी सूट घालून करायचं काय? ते ढीग गोळा करून निवडण्याचं काम ‘गूंज’ या संस्थेनं केलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही संस्था आज देशभर पसरली आहे आणि गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. पण तिची खरी अक्कल दिसते ती वाटपाच्या रीतीत. गावकरी आपल्या गावातलं काम ठरवतात, विहीर उपसतात, रस्ता करतात, बंधारा घालतात आणि त्या श्रमांच्या बदल्यात कपडे घेतात. मधे हिशेब आला की मान खाली जात नाही. बोहारणीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

श्रीमंत देशांची अडचण आणखी मोठी. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन गावात २००३ मध्ये डेरॉन बील यांनी ‘फ्रीसायकल’ सुरू केलं. वस्तू फुकट द्यायची, पण मागणाऱ्यानं मागितल्यावरच. हे शहाणपणाचं. उरलेले कपडे मात्र गठ्ठे बांधून समुद्रापार जातात. घानाची राजधानी अक्रा इथल्या कांतामांतो बाजारात आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे येतात, असा तिथे काम करणाऱ्या द ऑर फाउंडेशनचा अंदाज आहे. त्यातले विकले जात नाहीत ते नाल्यांत आणि समुद्रकिनाऱ्यावर पोहोचतात. आपल्याकडे पानिपतच्या गिरण्या जगभरचे जुने स्वेटर पिंजून त्यांचा धागा करतात आणि त्याची ब्लँकेटं भूकंपग्रस्तांना वाटली जातात. देणाऱ्याला आपण काय दिलं आणि घेणाऱ्याला आपण काय पांघरलं, दोघांनाही माहीत नसतं.

मग करायचं काय? पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ‘व्ही-कलेक्ट’ नावानं घरातल्या नकोशा वस्तू गोळा करते. कपडे, भांडी, फर्निचर, बिघडलेली यंत्रं असं सगळं येतं आणि वापरण्याजोगं निवडून पुन्हा वापरात जातं. हे काम कचरावेचकांच्या हातून होतं, कारण कशाला किती मोल आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी अशी सोय असायला हवी आणि नगरपालिकांनी ती करायला हवी. तोवर घरातल्या माणसांनी एवढं तरी करावं: देण्याआधी विचारावं. कपडा धुवावा, बटण लावावं, खिसे तपासावेत. खेळण्यात सेल घालून ते चालतं का पाहावं. पुस्तकं ग्रंथालयाच्या दारात ओतून येऊ नये, आधी यादी पाठवावी. जे आपल्या मुलाच्या अंगावर घालणार नाही ते ‘गरिबाला’ म्हणून बाजूला काढू नये, त्याचं पायपुसणं करावं. आणि वेळेवर द्यावं. दहा वर्षं कपाटात ठेवून कसर लागल्यावर दिलेली शाल ही भेट होत नाही.

शेवटी थोडं या दिवाळी अंकाबद्दल. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात एक अंक एकट्यानं कधीच वाचला गेलेला नाही. शेजारी, वाचनालयं, माहेर-सासर असा तो फिरत आला आहे. त्यामुळे खपाचं नुकसान होतं हे खरं, पण त्याबद्दल आमची तक्रार नाही. वाचून झाल्यावर हा अंक कपाटावर टाकू नका, पान फाटलं असेल तर चिकटवा आणि ज्याला हवा असेल त्याला द्या. मात्र आधी विचारा. नको म्हणाला तर आग्रह करू नका, दुसरा वाचक शोधा.